वैद्यकीय ग्रंथालयात नव्याने रुजू होताना: ठाणे-नवी मुंबईतल्या ग्रंथपालांसाठी

इतर ग्रंथालयांत जुनं पुस्तक म्हणजे ठेवा. वैद्यकीय ग्रंथालयात तेच पुस्तक उघड्या मांडणीवर राहिलं, तर त्यातून चुकीचा उपचार शिकला जाऊ शकतो. क्षयरोगाचं घ्या. राष्ट्रीय कार्यक्रमात पूर्वी आठवड्यातून तीनदा औषधं देत. २०१७ मध्ये देशभर रोजच्या डोसची पद्धत आली. २०१४ची आवृत्ती वाचणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे कळणार कसं? हृदय बंद पडल्यावरच्या प्राथमिक उपचाराचंही तसंच. २०१० पर्यंत आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छातीवर दाब असा क्रम शिकवत. त्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांनी दाब सगळ्यांत आधी आणला. म्हणून या नोकरीत प्रत्येक उत्तरासोबत त्याची तारीख द्यायची सवय लावून घ्या. पुढे सांगितलेलं बहुतेक काम या एकाच सवयीभोवती फिरतं.

आधी संस्था ओळखा

बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झालेल्यांना सहसा सहायकाच्या जागेपासून सुरुवात मिळते, ग्रंथपालपदासाठी एम.लिब. मागतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांनुसार विद्यापीठातल्या सहायक ग्रंथपालाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के आणि नेट ही पात्रता परीक्षा लागते. वैद्यकाची पदवी कोणी मागत नाही. शरीररचनेचे आणि रोगांचे इंग्रजी शब्द मात्र कानाला सरावलेले हवेत. ते पहिल्या सहा महिन्यांत देवघेव काउंटरवरच सरावतात. दिवसाला दहा नवे शब्द वहीत अर्थासकट उतरवलेत तरी पुरे.

रुजू होण्याआधी एक गोष्ट नक्की कळून घ्या: महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाचं? कळव्याचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय ठाणे महापालिकेचं आहे आणि नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. नेरुळचं तेरणाही त्याच विद्यापीठाचं. नेरुळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम ही अभिमत विद्यापीठं आहेत. खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियल सेंटरचं कर्करोग संशोधन केंद्र, तिथले प्रश्न पेशी, जनुकं आणि प्रयोगशाळेतल्या उंदरांपर्यंत जातात. स्टेशनं जवळजवळ असली तरी सिनॉप्सिसचे (प्रबंधाच्या आराखड्याचे) नियम, परीक्षांचे दिवस, मिळणारी ई-जर्नल्स सगळं वेगळं. एका ठिकाणचा अर्जाचा नमुना दुसरीकडे वापरला की विद्यार्थ्याचा महिना वाया जातो.

ई-जर्नल्सचं गणितही इथेच ठरतं. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तीत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० ई-जर्नल्स इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्रामार्फत मिळतात, पण पहिल्या टप्प्यात ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे. खाजगी महाविद्यालयात असाल तर तिच्या भरवशावर आपली वर्गणी बंद करू नका. महापालिकेच्या संस्थेत असाल तर आपलं नाव यादीत आहे का, हे योजनेच्या पोर्टलवर स्वतः पाहून घ्या.

पहिला आठवडा

चार कागद मागून घ्या: दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देणारी), शेवटच्या साठा पडताळणीचा अहवाल, चालू वर्गण्यांची यादी नूतनीकरणाच्या तारखांसह, आणि प्रकाशकांकडे नोंदवलेल्या आयपी पत्त्यांची (इंटरनेट जोडणीच्या ओळख-क्रमांकांची) यादी. चौथा कागद बहुतेक ठिकाणी कुणाकडेच नसतो, आणि पुढे सगळ्यांत जास्त त्रास तोच देतो.

बहुतेक ई-जर्नल्स संस्थेचा स्थिर आयपी पत्ता ओळखून उघडतात. आयटी विभागाने इंटरनेट पुरवठादार बदलला की पत्ता बदलतो आणि एका सकाळी सगळी जर्नल्स पैसे मागायला लागतात. दोष वर्गणीचा नसतो, पण प्राध्यापकांचे फोन ग्रंथालयात येतात. म्हणून ग्रंथालय, वॉर्डांची इमारत, वसतिगृह आणि वायफाय अशा चारही ठिकाणी बसून 'माझा आयपी' असं शोधा, दिसलेला आकडा तारखेसह लिहा आणि प्रकाशकांकडच्या यादीशी ताडून पाहा. रुग्णालयाची जोडणी महाविद्यालयाहून वेगळी असणं अगदी नेहमीचं आहे. पत्ता बदलण्याआधी ग्रंथालयाला कळवावं, असं आयटी विभागाकडून लेखी घ्या.

मग साठ्याचा नमुना तपासा. नोंदवहीतून कुठलेही पन्नास दाखल क्रमांक घ्या आणि ती पुस्तकं मांडणीवर शोधा. पाच-सहा सापडली नाहीत तर पूर्ण पडताळणीचा प्रस्ताव लगेच द्या. उशीर केलात तर आधीची तूट तुमच्या नावावर चढते.

मांडणी, खरेदी, निर्लेखन

वैद्यकीय ग्रंथालयांत दोन वर्गीकरणं दिसतात. ड्यूईत वैद्यक ६१० ते ६१९ मध्ये मावतं: ६११ शरीररचना, ६१२ शरीरक्रिया, ६१५ औषधशास्त्र, ६१६ रोग, ६१७ शस्त्रक्रिया, ६१८ स्त्रीरोग, प्रसूती आणि बालरोग. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या (एनएलएम) वर्गीकरणात क्यूएस ते क्यूझेड हे पायाभूत विषय आणि डब्ल्यू ते डब्ल्यूझेड हे रुग्णाशी जोडलेले विषय. फरक कपाटापाशी कळतो. ड्यूईत हृदयरोग ६१६.१२ ला आणि हृदयशस्त्रक्रिया ६१७.४१२ ला, म्हणजे दोन वेगळ्या रांगांत. एनएलएममध्ये दोन्ही डब्ल्यूजीत शेजारी. वॉर्डातून पाच मिनिटांसाठी आलेल्या डॉक्टरला दुसरी सोय बरी पडते. तरीही चालू ड्यूई मोडून नवं वर्गीकरण लावायचा उत्साह पहिल्या वर्षी आवरा. वीस हजार पुस्तकांची लेबलं बदलताना अर्धी मांडणी जुन्या क्रमांकांची आणि अर्धी नव्यांची राहते, आणि त्या काळात कुणालाच काही सापडत नाही.

दोन खंडी पाठ्यपुस्तकाच्या प्रत्येक खंडाला स्वतंत्र दाखल क्रमांक द्या. एकच दिला तर दुसरा खंड हरवल्याचं नोंदीत कधीच दिसत नाही. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून आवृत्ती, वर्ष आणि भारतीय पुनर्मुद्रण आहे का, हे लेखी घ्या. नवी आवृत्ती तोंडावर आली की जुनीवर सवलत अचानक वाढते. ती सवलत पाहून पंचवीस प्रती घेतल्या तर जूनमध्ये विद्यार्थी नवी आवृत्ती मागायला येतात आणि त्या प्रती तशाच राहतात.

जुन्या आवृत्त्यांसाठी साधा नियम ठेवा. औषधशास्त्र, मेडिसिन, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जनआरोग्य या विषयांत नवी आवृत्ती आली की जुनीची एक प्रत संदर्भासाठी ठेवा, तिच्या कव्हरवर 'जुनी आवृत्ती, उपचारासाठी वापरू नये' असा ठळक शिक्का मारा, आणि बाकीच्या निर्लेखनाच्या (नोंदीतून काढून टाकायच्या) यादीत टाका. शरीररचनेच्या ॲटलासना एवढी घाई नको, हाडं तीच राहतात. निर्लेखन ग्रंथालय समितीच्या ठरावानेच करायचं. ठरावाशिवाय रद्दीत गेलेलं एक पुस्तकही लेखापरीक्षणात आक्षेप ठरतं.

सॉफ्टवेअर कोहा असो, सोल असो की ई-ग्रंथालय, आवृत्ती आणि प्रकाशनवर्षाची रकाने रिकामी सोडू नका. ती भरलेली असली तर जुन्या आवृत्त्यांची यादी एका अहवालात निघते.

प्रश्नापासून शोधापर्यंत

या नोकरीचा गाभा इथे आहे, म्हणून थोडं सावकाश.

निवासी डॉक्टर येऊन म्हणतात, "मॅडम, लेप्टोवर काहीतरी काढून द्या." यावर लगेच संगणकाकडे वळू नका. आधी विचारा: कोणत्या रुग्णांसाठी? कोणता उपचार? कशाच्या तुलनेत? कोणता परिणाम मोजायचा? कधीपर्यंत हवं? पाचवा प्रश्न विसरू नका. दुपारच्या राउंडसाठी हवं असेल तर तीन चांगले लेख पुरतात, प्रबंधासाठी हवं असेल तर काम आठवड्याचं असतं. पाच प्रश्नांनंतर 'लेप्टोवर काहीतरी' याचं रूप असं होतं: पुराच्या पाण्यातून गेलेल्या प्रौढांना डॉक्सीसायक्लिन प्रतिबंधक म्हणून दिलं तर, काहीच न देण्याच्या तुलनेत, लेप्टोस्पायरोसिस कमी होतो का?

आता पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेख शोधायचं एनएलएमचं मोफत संकेतस्थळ. खालचे शब्द तिथे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे.

पहिली पायरी: मेश, म्हणजे एनएलएमची विषयशीर्षकांची यादी. ती १९६० पासून आहे आणि दरवर्षी सुधारली जाते. तिच्यात लेप्टोस्पायरोसिस शोधा, व्याख्या वाचा आणि खालचा वृक्ष पाहा. त्याच्या फांदीवर वाइल डिसीज दिसेल. मुख्य शीर्षकाने शोधलं की फांदीवरचं आपोआप येतं.

दुसरी: मेश पुरेसं नाही. अगदी नव्या लेखांना आणि मेडलाइनबाहेरच्या (एनएलएमने निवडलेल्या जर्नलांच्या संग्रहाबाहेरच्या) जर्नलांतल्या लेखांना मेश शीर्षकं नसतात. म्हणून तेच शब्द शीर्षक आणि सारांशातही शोधा आणि दोन्ही 'ऑर'ने जोडा. स्पेलिंगकडे लक्ष द्या. ॲनिमिया, हेमरेज, ईसोफेगस यांची ब्रिटिश आणि अमेरिकी स्पेलिंग वेगळी आहेत. भारतीय जर्नल्स बहुधा ब्रिटिश वापरतात, मेश अमेरिकी.

तिसरी: औषधाचा असाच गट करा आणि दोन गट 'अँड'ने जोडा. प्रत्येक गट कंसात हवाच. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचतं. कंसाशिवाय 'डॉक्सीसायक्लिन अँड लेप्टोस्पायरोसिस ऑर वाइल' असं लिहिलंत तर डॉक्सीसायक्लिनचा उल्लेखही नसलेले वाइल डिसीजचे सगळे लेख अंगावर येतात. तुलनेचा आणि परिणामाचा गट शक्यतो जोडूच नका. सारांशात ते शब्द बरेचदा नसतात आणि चांगले लेख गळतात.

चौथी: प्रगत शोधाच्या पानावर इतिहासात 'डिटेल्स' उघडा. तुम्ही लिहिलेलं पबमेडने कसं वाचलं ते तिथे दिसतं. साध्या शब्दांना ते आपणहून मेशशी जोडतं, पण शब्दाला तारांकन लावलं की ती जोडणी बंद पडते. तारांकनाआधी किमान चार अक्षरंही लागतात. निकाल अचानक कमी झाले तर कारण इथेच सापडतं.

पाचवी: गाळण्या, म्हणजे फिल्टर. 'ह्यूमन्स' किंवा वयोगटाची गाळणी घाईने लावू नका. ती मेशवर चालते, म्हणजे मेश न मिळालेले लेख गुपचूप बाहेर जातात. मेडलाइनबाहेरच्या जर्नलातला महत्त्वाचा लेख हुकतो तो असा. लावायचीच असेल तर आधी गाळणीशिवायचा आकडा टिपा, मग लावून किती गेले ते पाहा.

किती निकाल योग्य? वॉर्डातल्या प्रश्नासाठी वीस ते दोनशे वाचता येतात. तीन हजार आले तर प्रश्न सैल आहे. दोनच आले तर बहुतेक कंस किंवा स्पेलिंग चुकलंय. पद्धतशीर आढाव्यासाठी (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास गोळा करून तपासण्यासाठी) मात्र हजारो निकाल हेच काम असतं. तिथे एम्बेस किंवा स्कोपस, आणि कॉक्रेन हे डेटाबेसही शोधावे लागतात, आणि आढावा कसा मांडायचा हे सांगणाऱ्या प्रिझ्मा २०२० च्या २७ मुद्द्यांच्या यादीप्रमाणे सगळं नोंदवावं लागतं.

सहावी पायरी नवे लोक हमखास विसरतात: नोंद. तारीख, डेटाबेस, शोधाची पूर्ण ओळ जशीच्या तशी, निकालांचा आकडा. दोन वर्षांनी प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत "हा शोध कधी केला?" असं विचारलं तर विद्यार्थी तुमच्याकडेच येतो. रुग्णाचं नाव, वॉर्ड किंवा केसपेपर क्रमांक मात्र या नोंदीत कधीही लिहायचा नाही. डॉक्टरांनी बोलताना सांगितला तरी नाही.

लेख मिळवणं आणि तपासणं

पूर्ण लेखासाठी क्रम असा ठेवा: संस्थेची वर्गणी, पबमेड सेंट्रल (पूर्ण लेखांचा मोफत साठा), अनपेवॉल (लेखाची मोफत प्रत शोधणारं साधन), डेलनेटसारखी आंतरग्रंथालयीन देवघेव, आणि शेवटी लेखकाला थेट ईमेल. लेखक बरेचदा दोन दिवसांत प्रत पाठवतात. सभ्य, चार ओळींचा मजकूर तयार ठेवा. अनेक चांगली भारतीय जर्नल्स मुळातच मोफत आहेत. १९१३ पासून निघणारं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च आणि परळच्या केईएममधून १९५५ पासून निघणारं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन ही दोन तर आपल्या भागातल्या रोगांसाठी नेहमी पाहावीत.

लेख हातात देण्याआधी तो मागे घेतला गेला नाही ना, हे पाहा. २०२० साली हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा एक मोठा लेख 'लॅन्सेट'मध्ये २२ मे रोजी आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. तेरा दिवस. २२ ते ४ च्या दरम्यान प्रत काढून ठेवणाऱ्याच्या फायलीत तो लेख अजूनही निर्दोष दिसतो. पबमेड अशा लेखावर ठळक सूचना दाखवतं, संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअरही धोक्याची खूण करतं, पण छापलेली प्रत गप्प असते. प्रत्येक प्रिंटच्या कोपऱ्यात 'तपासलं' आणि तारीख लिहायची ती यासाठी. प्रीप्रिंट असेल तर तेही लिहा: तज्ज्ञांनी अजून तपासलेलं नाही.

निवासी डॉक्टरांचा प्रबंध

पदव्युत्तर प्रवेशानंतरच्या महिन्यांत सिनॉप्सिसची गर्दी होते. तेव्हा तीन गोष्टींवर अडतं.

एक, संदर्भांची व्हँकुव्हर पद्धत. सहा लेखकांपर्यंत नावं, पुढे 'एट ऑल', आणि जर्नलचं नाव एनएलएमच्या संक्षेपाने. हाताने क्रमांक घातले की मध्ये एक संदर्भ आला तरी पुढचे सगळे चुकतात. पहिल्याच दिवशी झोटेरो किंवा मेंडेलेवर बसवा. अर्धा तास लागतो, पुढचे कित्येक तास वाचतात.

दोन, साम्य तपासणी, म्हणजे मजकूर आधीच्या लेखनाशी किती जुळतो ते पाहणं. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० हा पहिला स्तर, ४० ते ६० दुसरा, त्यापुढे तिसरा. मसुदा तपासताना तो सॉफ्टवेअरच्या साठवणीत जाणार नाही असा पर्याय निवडा. नाहीतर अंतिम प्रत स्वतःच्याच मसुद्याशी जुळते, टक्केवारी नव्वदीपार जाते आणि विद्यार्थी रडकुंडीला येतो. अहवालात आकड्याआधी रंगवलेली वाक्यं पाहा. संदर्भयादी वगळली नसेल तर आकड्याला काही अर्थ नाही.

तीन, कुठे छापायचं. 'पबमेडमध्ये आहे' या दाव्यावर विसंबू नका. निधी देणाऱ्या संस्थेच्या अटीमुळे एखादा लेख पबमेड सेंट्रलमध्ये जमा होतो आणि पबमेडमध्ये दिसतो, जर्नल मेडलाइनमध्ये नसलं तरी. एनएलएम कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव घाला आणि ते सध्या मेडलाइनसाठी अनुक्रमित आहे का, ते वाचा. आयएसएसएन (जर्नलचा ओळख-क्रमांक) जुळतो का तेही पाहा, कारण नामांकित जर्नलच्या नावाने खोटी संकेतस्थळं चालतात. बढतीसाठी कोणते डेटाबेस चालतात हे राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या त्या दिवशी लागू असलेल्या नियमातून वाचून सांगा, ऐकीव माहितीवर नको. नियम बदलत राहतात आणि छापून झालेला लेख परत दुसरीकडे देता येत नाही.

पावसाचे चार महिने

खाडीकाठच्या हवेत जुलैमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. वैद्यकीय ॲटलास गुळगुळीत, लेप दिलेल्या कागदावर छापलेले असतात. ते भिजून तसेच वाळले की पानं एकमेकांना कायमची चिकटतात. मग ती सोडवता येत नाहीत, चित्र सोलून निघतं. म्हणून भिजलेला ॲटलास त्याच दिवशी उघडा, दर पानाआड बटर पेपर घाला आणि पंख्याच्या गार हवेत उभा ठेवा. ऊन किंवा हीटर नको. सगळे एका दिवसात उरकणार नसतील तर पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे बुरशी थांबते. ४८ तासांनंतर ती धरायला लागते.

आधीची काळजी स्वस्त पडते. सर्वांत खालची फळी जमिनीपासून सहा इंच वर, मांडणी भिंतीपासून तीन-चार इंच पुढे, फळीवर चौथा हिस्सा मोकळा. एक साधा आर्द्रतामापक लावा आणि रोज सकाळी आकडा लिहा. वातानुकूलन दिवसा चालू आणि रात्री बंद ठेवल्याने गार पुस्तकांवर दमट हवा बसते. रात्री चालवता येत नसेल तर दिवसा तापमान फार खाली नेऊ नका. पाणी गळणाऱ्या खिडकीखाली महागडे संच ठेवू नका, ही सूचना शिपायालाही द्या. सुटीच्या दिवशी पहिला तोच पोहोचतो.

काउंटरवर नातेवाईक आले तर

रुग्णालयाच्या आवारातलं ग्रंथालय म्हटल्यावर कधीतरी वॉर्डातल्या रुग्णाचा मुलगा रिपोर्ट हातात घेऊन विचारतो, "ताई, हा आजार बरा होतो का हो?" रिपोर्टचा अर्थ सांगायचा नाही, औषधाबद्दल मत द्यायचं नाही, आणि पाठ्यपुस्तकातलं मृत्यूदराचं पान उघडून तर अजिबात द्यायचं नाही. ते आकडे कुठल्या वर्षाचे, कुठल्या देशाचे, कोणत्या टप्प्यावरच्या रुग्णांचे, हे त्याला कळणार नाही. त्याला बसवा, पाणी द्या. त्याचे प्रश्न मराठीत एका कागदावर क्रमाने लिहायला मदत करा: आजाराचं नेमकं नाव काय, उपचार किती दिवस, घरी काय जपायचं, पुन्हा कधी दाखवायचं. तो कागद घेऊन त्याला वॉर्डातल्या डॉक्टरांकडे किंवा समाजसेवा विभागात पाठवा, आणि राउंड किती वाजता असतो ते विचारून त्याच कागदावर वर लिहून द्या.